बारावीच्या पोट्ट्यांनो, गणित अडलं की फोटो पाठवा!

वडनेरहून हिंगणघाटला क्लासला जाता येतं, पण रात्री दहाला गणित अडलं तर विचारायचं कुणाला? म्हणून मी व्हिडिओ कॉलवर शिकवतो. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं अकरावी सायन्सला इंग्रजीपाशी अडतात, बुद्धीपाशी नाही.

कालचंच केमिस्ट्रीतलं उदाहरण घ्या. पहिल्या कोटीची अभिक्रिया, k = ०.०२३१ प्रति मिनिट. अर्धायुकाल किती? ०.६९३ भागिले k, म्हणजे ३० मिनिटं. ९० मिनिटांनी उरतो आठवा हिस्सा.

हे ०.६९३ आलं कुठून? अभिक्रियेचा वेग म्हणजे डेरिव्हेटिव्ह. त्याचं इंटिग्रेशन केलं की लॉग येतो, आणि २ चा नैसर्गिक लॉग म्हणजेच ०.६९३! केमिस्ट्रीच्या पोटात कॅल्क्युलस बसलंय ते असं.

फुकटातली साधनं:
👉 ई-बालभारती: पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ
👉 फेट: कोलोरॅडो विद्यापीठाचे आभासी प्रयोग, काही मराठीतही
👉 जिओजेब्रा: वक्र आणि स्पर्शिका हलवून बघायला

एकच अट: फोटोत प्रश्नासोबत तुमचा अर्धवट प्रयत्नही हवा. नुसतं उत्तर मिळणार नाही. चूक कुठे झाली ते दिसलं, की अर्धं शिकवून झालं!