चार कोपऱ्यांच्या भरवशावर

दसरा-दिवाळीला विकला जाणारा फ्रिज पावसाळ्यातच गोदामात येऊन उभा राहिलेला असतो. भिवंडीच्या गोदामांत ऑगस्टमध्ये फेरी मारली, तर खोक्यांच्या थप्प्या पार छताकडे गेलेल्या दिसतात. सगळ्यात खालच्या खोक्याच्या डोक्यावर वरच्या सगळ्यांचं ओझं असतं. बाहेर पाऊस, आत दमट हवा, आणि कागद ती ओल पीत राहतो. ५० टक्के आर्द्रतेत ठणठणीत असलेल्या खोक्याची ताकद ९० टक्क्यांना जवळपास निम्मी उरते. त्यात भार महिनोन्‌महिने हलला नाही, तर पुठ्ठा हळूहळू थकतो. म्हणून खोकं प्रयोगशाळेत जेवढं पेलतं, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकाच भार त्याच्यावर टाकायचा, असा हिशेब जाणता डिझायनर करतो. शोरूममध्ये दोन मिनिटांत फाडून टाकलेल्या त्या पुठ्ठ्यामागे केवढा विचार असतो, हे कळल्यापासून मला या विषयाचं वेड लागलं आहे.

इतिहास थोडक्यात सांगते. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये नालीदार कागदाचं पेटंट घेतलं गेलं, ते उंच टोप्यांना आतून अस्तर लावण्यासाठी. १८७१ मध्ये न्यू यॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने तो बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळायला वापरला. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँगने नालीच्या दोन्ही अंगांना सपाट कागद चिकटवला आणि आजचा पुठ्ठा तयार झाला. १९५० च्या आसपास जर्मनीत बीएएसएफ कंपनीत थर्माकोल आला. आपल्याकडे गोदरेजने १९५८ मध्ये फ्रिज बनवायला घेतला आणि १९६६ मध्ये मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग सुरू झाली. एवढं पुरे. मला कोपऱ्यांकडे यायची घाई आहे.

भोसरीच्या एका खोकी-कारखान्यात मी दाबचाचणी पाहिली. रिकामं खोकं दोन लोखंडी पाट्यांच्या मध्ये ठेवतात आणि वरची पाटी सावकाश खाली आणतात. आधी काहीच होत नाही. मग चारही बाजू मधोमध फुगायला लागतात. माझी नजर तिथेच खिळली होती. यंत्रावरचा कामगार म्हणाला, ‘‘ताई, पोट बघू नका, कोपरा बघा. कोपरा गेला की खोकं गेलं.’’ तेवढ्यात कोपऱ्याजवळ एक तिरकी सुरकुती उमटली, कागद करकरला आणि काटा धाडकन खाली आला.

त्याच्या सांगण्यात सगळं शास्त्र होतं. सपाट बाजू भाराखाली बाहेर वाकते आणि अंग काढून घेते. कोपऱ्याची घडी वाकू शकत नाही, म्हणून सुमारे दोनतृतीयांश भार चार कोपऱ्यांवरच जातो. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅपलटनच्या इन्स्टिट्यूट ऑफ पेपर केमिस्ट्रीत मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं सूत्र मांडलं. पुठ्ठ्याच्या उभ्या कडेची ताकद दुप्पट केली, तर खोक्याची ताकद दुप्पट होते. घेर मात्र चौपट केला तरी ती दुप्पटच होते. म्हणजे खोकं जितकं मोठं, तितका त्याच्या बाजूंचा आधार तुलनेने कमी. फ्रिजच्या खोक्यात चार कोपऱ्यांना कागदाचे थर चिकटवून केलेले जाड अँगल उभे करतात, ते यासाठीच.

यातून थप्पी लावण्याचा नियमही निघतो. भिंत बांधताना गवंडी सांधमोड करतो, वरची वीट खालच्या दोन विटांच्या सांध्यावर ठेवतो. खोकी तशी रचली, तर वरच्याचा कोपरा खालच्याच्या पोटावर येतो आणि निम्म्याच्या आसपास ताकद वाया जाते. खोक्यांचे कोपरे कोपऱ्यांवरच यायला हवेत. गोदामात शिरले की मी आधी हेच बघते.

कोपऱ्यांचं दुसरं काम धक्का झेलण्याचं. ४५ ते ६८ किलोंच्या खोक्यासाठी एका रूढ चाचणीत २० सेंटिमीटर उंचीवरून पाडायची पद्धत आहे. ऐकायला हे फार कमी वाटतं. पण तळ २ मिलिमीटरच दबला, तर आतल्या वस्तूला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी शंभरपट धक्का बसतो. थर्माकोल २ सेंटिमीटर दबला, तर तोच धक्का दहापटीवर येतो. थांबायला अंतर देणं एवढंच थर्माकोलचं काम. म्हणून त्याच्या तुकड्यांना खाचा आणि पोकळ कप्पे असतात. वजनाखाली फार मोठा भाग टेकला, तर तो दबतच नाही. फार थोडा टेकला, तर पूर्ण चेपतो आणि धक्का सरळ आत जातो. हे गणित १९४५ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये रेमंड मिंडलिन यांनी नीट मांडलं.

या चाचण्यांची सुरुवातही घरगुती उपकरणांपासूनच झाली. तेव्हा पत्र्यावर पोर्सलिन इनॅमल चढवत. रेल्वेत खोकं आपटलं की त्याचे टवके उडत. अशी उपकरणं बनवणाऱ्यांनी १९४८ मध्ये अमेरिकेत नॅशनल सेफ ट्रान्झिट कमिटी काढली आणि कारखान्यातून माल निघण्याआधीच खोकं हलवून, पाडून बघण्याची रीत घालून दिली. हीच संस्था आज इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशन म्हणून ओळखली जाते.

वॉशिंग मशीनविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. फ्रंट लोड मशीनचं पिंप स्प्रिंगांवर लोंबकळत असतं आणि त्याला जड वजनं जोडलेली असतात. ट्रकच्या हादऱ्यांनी ते आतून धडका देत राहिलं, तर बाहेरचं कुठलंही खोकं उपयोगाचं नाही. म्हणून मागच्या बाजूने लांब बोल्ट घालून पिंप जखडून टाकतात. पहिल्यांदा मशीन चालवण्याआधी ते काढावेच लागतात, आणि काढले की जपून ठेवावेत. घर बदलताना त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसरही आत स्प्रिंगांवर बसवलेला असतो आणि त्यात तेल असतं. खोक्यावरचे वर जाणारे बाण त्याच्यासाठी असतात. आडवा आणलेला फ्रिज काही तास उभा ठेवून मगच सुरू करावा.

मला या बोल्टांचं फार कौतुक वाटतं, कारण इथे संरक्षण वस्तूच्या आतच केलेलं आहे. १९६८ मध्ये रॉबर्ट न्यूटन यांनी वस्तू नेमकी किती धक्क्याला मोडते, हे मोजण्याची पद्धत मांडली. त्या मोजणीत एखादा पाय किंवा बिजागरी आधी तुटते असं दिसलं, तर थर्माकोल वाढवण्यापेक्षा ती बिजागरी पक्की करणं शहाणपणाचं. थर्माकोलच्या जाडीची किंमत सगळीकडे मोजावी लागते. चाळीस फुटी कंटेनरची आतली रुंदी साधारण २.३५ मीटर असते. ७८ सेंटिमीटर रुंदीची तीन खोकी शेजारीशेजारी बसतात. ७९ ची दोनच. एका सेंटिमीटरपायी तिसरी रांग जाते आणि उरलेली जागा तशीच वाहून न्यावी लागते. शिवाय थर्माकोल घरी आल्यावर त्याचं करायचं काय, हा प्रश्न असतोच. महाराष्ट्राने २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली, गणपतीची मखरं कागदाची झाली, पण फ्रिजच्या खोक्यात तो अजून दिसतो. कागदाच्या लगद्याचे साचे आणि मधाच्या पोळ्यासारखा पुठ्ठा तिथे जास्त यावा, असं मला मनापासून वाटतं.

पण माझा खरा आग्रह आणखी एका गोष्टीसाठी आहे. अमेरिकी गोदामात खोकं दोन बाजूंनी दाबून उचलणारे क्लॅम्प ट्रक असतात, आणि चाचण्यांमध्ये त्या दाबाचा विचार असतो. आपल्याकडे शेवटचा टप्पा छोटा हत्ती टेम्पो आणि त्यानंतर जिना. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत दोघे जण पट्ट्याने फ्रिज वर नेत होते, तेव्हा मी मागून चालत गेले. प्रत्येक वळणावर खालचा माणूस तळाचा एक कोपरा फरशीवर टेकवायचा आणि अख्खं खोकं त्या एका कोपऱ्यावर फिरवायचा. खोकं कुठून धरणं सोपं जातं, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘तळाला लाकूड असलं की पट्टा बसतो, ताई. नुसता पुठ्ठा असला की सरकतो. आणि ही हाताची भोकं इतकी वर कशाला ठेवतात?’’

त्याचा प्रश्न डिझाइन विभागाच्या टेबलावर जायला हवा. तळाच्या एका कोपऱ्यावर पूर्ण वजन, वर पीळ, आणि हे मजल्यामागे दोनदा. हे मोजणं अजिबात अवघड नाही. रांजणगाव, शिरवळच्या कारखान्यांपासून जिन्याची घरं फार लांबही नाहीत. इनॅमलचे टवके उडू लागले, तेव्हा कारखानदारांनी प्रवासाची चाचणी बसवली. आपल्या खोक्यांचा प्रवास जिन्यावर संपतो, तर आपल्या चाचण्यांतही जिना असलाच पाहिजे. आणि त्या ठरवताना पट्टा खांद्यावर घेणारा माणूस त्या खोलीत बसलेला असावा.