जुना मोबाईल देताना घराची किल्ली तर देत नाही ना?

सकाळचे दहा वाजले, की मोटारसायकलला भोंगा बांधलेला माणूस गल्लीत येतो. "जुने, फुटके, बंद मोबाईल द्या, टब घ्या, टोपली घ्या!" पूर्वी बोहारीण यायची. जुने लुगडे घेऊन परात द्यायची. लुगडे देण्याआधी आई पदराची गाठ चाचपून पाहायची. एखादे नाणे राहिले असेल तर सोडून घ्यायची. मोबाईलच्या पदराला काय बांधलेले आहे, हे मात्र आपण पाहत नाही.

आमच्याच घरची गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात मी कचेरीत असताना काच फुटलेला एक मोबाईल सौभाग्यवतींनी टबाच्या बदल्यात देऊन टाकला. संध्याकाळी मुलगी घरी आली आणि तिचा चेहराच उतरला. तिचे ई-मेल खाते त्यात चालूच होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाचे फोटो त्यातच. ज्या महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, त्याचा पासवर्डही त्यातच जपून ठेवलेला. मोबाईलला कुलूप असे आम्ही कधी लावलेच नव्हते. काच फुटली म्हणजे मोबाईल मेला, असा आमचा समज. पण नवी काच बसवली, की तो पुन्हा बोलू लागतो!

शिष्यवृत्तीच्या पैशावर ज्या घरातली मुलगी शिकते, त्या घराला ही धास्ती काय असते हे वाचकांना सांगायला नको.

त्या रात्री आम्ही दोघे नव्या मोबाईलवर बसलो. गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये 'सुरक्षा' आणि त्यात 'तुमची डिव्हाइस' अशी जागा असते. आपले खाते कोणकोणत्या मोबाईल-संगणकावर उघडे आहे, त्याची यादीच तिथे मिळते. त्यात तो फुटका मोबाईल होताच. शिवाय दोन वर्षांपूर्वी जिथे फॉर्म भरला होता त्या नेट कॅफेचा संगणकही होता! दोन्हींसमोर 'साइन आउट' केले, पासवर्ड बदलला. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक केलेली डिव्हाइस' तपासली. फेसबुकमध्येही अशी यादी असते. नुकसान काही झाले नाही, पण धडा मिळाला.

ही भीती उगाचची नाही. आपल्या विदर्भाला लागून असलेल्या तेलंगणात २०२४ साली रामगुंडम पोलिसांनी बिहारच्या तिघांना सुमारे ४ हजार जुन्या मोबाईलसह पकडले. हे मोबाईल खेड्यापाड्यांतून गोळा केलेले होते आणि सायबर ठगांकडे जाणार होते, असे पोलिसांनी सांगितले. प्रत्येक मोबाईलला आयएमईआय नावाचा १५ अंकी क्रमांक असतो. त्या मोबाईलवरून कोणी गुन्हा केला, तर चौकशीचा माग मूळ मालकाच्या दारापर्यंतही येऊ शकतो. भोंगेवाला प्रत्येक जण ठग नसतो. बिचारा पोटासाठीच फिरतो. पण त्याच्या हातून मोबाईल पुढे कुठे जातो, हे त्यालाही ठाऊक नसते.

म्हणून मोबाईल देण्याआधी एवढे करावे. सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे. हवे ते फोटो नव्या मोबाईलमध्ये घ्यावेत. सेटिंगमध्ये जाऊन गूगल खाते काढावे आणि मग 'फॅक्टरी रिसेट' करावे. नुसते फोटो पुसून भागत नाही. रजिस्टरच्या अनुक्रमणिकेतून नाव खोडले तरी आतले पान तसेच राहते, तसाच हा प्रकार. काच फुटल्यामुळे रिसेट होत नसेल, तर दुसऱ्या मोबाईलवरून खाते बंद करावे आणि दुरुस्तीवाल्याकडून आपल्या डोळ्यांसमोर रिसेट करून घ्यावे. तेही जमत नसेल, तर टबाचा मोह सोडून तो घरातच ठेवावा. दुकानात विकला, तर पावती घ्यावी.

स्मार्ट टीव्हीचेही तेच. विकताना त्यातले यूट्यूबचे खाते काढावे. मोबाईल नंबर बंद करणार असाल, तर आधी बँकेत, आधारला आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात नवा नंबर द्यावा. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ शकतात.

आणि खात्यातून पैसे गेलेच, तर लाजू नका, घाबरू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडवण्याची आशा जास्त.

माता-भगिनींनो, आज संध्याकाळी एवढे करा. शिकत्या मुला-मुलीला जवळ बसवा आणि आपल्या खात्यांची यादी उघडून पाहा. आईने पदर चाचपला, तसाच आपण मोबाईल चाचपू. टब शंभर रुपयांना बाजारात मिळतो. मुलीचे हुकलेले वर्ष कोणत्याही बाजारात मिळत नाही.