सुट्टीत लहान मुलं शिकतात ती कशी?

‘शाळा बंद झाली की मुलं सगळं विसरतात, म्हणून सुट्टीतही रोज दोन पानं लिहून घ्यायची.’ बालवाडीत किंवा पहिली-दुसरीत मूल असलेल्या घरात हे मे महिन्यात हमखास ऐकू येतं. या भीतीला आधार म्हणून जे अभ्यास दाखवले जातात, ते बहुतेक अमेरिकेतले आहेत. तिथली सुट्टी दहा-अकरा आठवड्यांची असते आणि सुट्टीत नेमकं किती विसरलं जातं, यावर तिथल्या संशोधकांचंही एकमत नाही. आपली सुट्टी साधारण दीड महिन्याची. विसरलेलं अक्षर जूनमध्ये पुन्हा गिरवता येतं. लिहिण्याचा कंटाळा मात्र एकदा बसला की घालवणं फार अवघड जातं.

‘आमच्या चिमुकलीला शंभरपर्यंत आकडे येतात.’ म्हणता येतात की मोजता येतात? तिच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवा आणि ‘यातले सात दे’ म्हणा. घडाघडा शंभर म्हणणारी कितीतरी मुलं मूठभर उचलून देतात. मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या, ही समज पाठांतराने येत नाही. वस्तू हाताळत, पुन्हा पुन्हा मोजत येते. म्हणून जेवणाची ताटं तिला मांडू द्या. आज आपण पाच जण, संध्याकाळी आत्या आणि काका आले तर किती ताटं लागतील? (तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती चिंचोके देऊ नयेत, ते थेट तोंडात जातात.)

कैरीचं पन्हं केलंत की आणखी एक गंमत करून पाहा. बसक्या भांड्यातलं पन्हं मुलासमोरच उंच, अरुंद पेल्यात ओता. चार-पाच वर्षांचं मूल बहुधा सांगेल, ‘आता जास्त झालं!’ स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी हे विसाव्या शतकातच दाखवून दिलं. ओतल्याने प्रमाण बदलत नाही, ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास पक्की होते. तेव्हा ‘अरे, तेवढंच आहे’ म्हणून दुरुस्त करायची घाई नको. त्याला परत ओतू द्या, सांडू द्या, ‘तुला जास्त का वाटलं?’ असं विचारा. ते जे दिसतंय त्यावरून विचार करत असतं, आणि या वयात तोच खरा अभ्यास आहे.

शैक्षणिक खेळण्यांचा महागडा संच हवाच, हाही समज सोडून द्यावा. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. पुढे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आजूबाजूच्या साध्या वस्तूंतूनच बालशिक्षणाचं साहित्य उभं केलं. खडे, शिंपले, पानं, बिया यांवर मुलं शिकली.

मोबाइलवरच्या ‘शिकवणाऱ्या’ अ‍ॅपलाही मर्यादा हवी. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तर उत्तमच, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितलं आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान तीन तास हालचाल व्हावी, असंही त्याच सूचनांत आहे.

विज्ञान मोठेपणी, हा आणखी एक गैरसमज. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. पहिली वेळ मे महिन्यात येते: पुण्यात १३-१४ मेच्या, मुंबईत १५-१६ मेच्या आणि नागपुरात २६ मेच्या आसपास. त्या दिवशी बारा वाजल्यापासून पाऊण तास अधूनमधून, डोक्यावर टोपी घालून, मुलाला गच्चीवर न्या. एक सरळ डबा उभा ठेवा आणि प्रत्येक वेळी सावलीच्या टोकाला खडूने खूण त्यालाच करू द्या. सावली कुठे गेली, हे लगेच सांगू नका. आधी त्याचं उत्तर ऐका.