तूस, गिरिपुष्प आणि दोर

भाताचे तूस म्हणजे जळण, गिरिपुष्प म्हणजे कुंपण आणि दोर म्हणजे बांधावयाची वस्तू, अशी ठाणे जिल्ह्याच्या भातपट्ट्यात या वस्तूंची ओळख पक्की झालेली आहे. एक उपयोग मनात ठसला की दुसरा दिसेनासा होतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर याने १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे प्रयोगाने दाखविले. दारावर मेणबत्त्या उभ्या करण्यासाठी त्याने लहान खोकी व टाचण्या दिल्या. खोके दाराला टाचले की झाली बैठक! परंतु खोकी भरलेली दिली असता पुष्कळांना ही युक्ती सुचली नाही. रिकामी दिली असता अधिक जणांना सुचली.

डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातपद्धतीतील बरेचसे साहित्य असेच दारी पडलेले असते. कल्याण-भिवंडीकडे तूस वीटभट्टीला जाते आणि रोपांसाठी मात्र शेण व झाडांच्या फांद्या जाळून राब भाजतात. शेतात जावयाचे शेण धुरात जाते. तुसात सिलिका विपुल असते. ते अर्धवट जाळून झालेली काळी राख दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या प्रमाणात रोपवाफ्यात मिसळल्यास रोपे कणखर होतात व करपा, खोडकिडा यांना अधिक तोंड देतात. राख पांढरी होऊ देऊ नये.

कुंपण तोडले तर गुरे शिरतील, ही शंका रास्त आहे. परंतु गिरिपुष्पाच्या केवळ फांद्या छाटावयाच्या असतात. झाड पुन्हा फुटते. चिखलणीपूर्वी सुमारे आठवडाभर गुंठ्यास ३० किलो हिरव्या फांद्या पसराव्यात. पाने गळली की काड्या चुलीला मिळतातच.

दोरावर १५ व २५ सेंटिमीटर अंतराने आळीपाळीने खुणा केल्या की तो लावणीचे माप होतो. १५ सेंटिमीटरच्या प्रत्येक चौकोनात चार चुडांमध्ये २.७ ग्रॅमची एक युरिया-डीएपी गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावी. गुंठ्यास ६२५ गोळ्या लागतात. कोकणच्या पावसात फेकून दिलेला युरिया वाहून जातो, तसे या गोळीचे होत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम एकाच शेतकऱ्याकडे राखेचा वाफा करवून घ्यावा, शेजारी राबाचा वाफा ठेवावा आणि लावणीच्या दिवशी दोन्हींतील रोपांच्या जुड्या गावकऱ्यांच्या हाती द्याव्यात.