बँक (इंग्रजी शब्द)

बँक : इंग्रजी भाषेतील एक नित्याचा अनेकार्थी शब्द. नदीचा काठ, मातीचा उंचवटा, वल्ह्यांची रांग, पैशांची पेढी व राखून ठेवलेला साठा हे त्याचे प्रमुख अर्थ होत. परस्परांशी असंबद्ध वाटणारे हे अर्थ एकाच उच्चारात एकवटले, कारण हा शब्द इंग्रजीत निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या वाटांनी आला. म्हणूनच इंग्रजी कोशांत त्याच्या सामान्यतः स्वतंत्र नोंदी आढळतात.

‘काठ’ या अर्थाचा शब्द १२०० च्या सुमारास रूढ झाला. तो बहुधा स्कँडिनेव्हियन भाषांतून आला असावा. उत्तर व पूर्व इंग्लंडमध्ये त्यापूर्वी डेन व नॉर्वेजियन लोकांच्या वसाहती झाल्या होत्या. धुक्याची रास, राखेने झाकून विस्तव राखणे, वळताना विमानाने एका अंगास कलणे हे अर्थ उंचवटा व उतार यांच्या कल्पनेतून विकसित झाले.

‘रांग’ हा अर्थ जुन्या फ्रेंचमधून आला. तेथे हा शब्द बाकासाठी वापरीत. नौकेवरील वल्हेकऱ्यांच्या बाकावरून तो वल्ह्यांच्या रांगेस व पुढे ऑर्गन वाद्याच्या पट्ट्यांच्या रांगेसही लागू झाला.

‘पेढी’ हा अर्थ इटालियन ‘बांका’ म्हणजे सराफाचे मेज यावरून आला व पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत रुजला. दिवाळखोर या अर्थाचा ‘बँकरप्ट’ हा शब्दही मोडलेले मेज या अर्थाच्या इटालियन शब्दबंधापासून बनला आहे. जेनोआ येथील सेंट जॉर्ज बँक (१४०७), बँक ऑफ इंग्लंड (१६९४) व मुंबईतील बँक ऑफ बाँबे (१८४०) ही या संस्थेच्या प्रसारातील काही ठिकाणे होत. ठेव व परतफेड ही कल्पना पुढे पैशाबाहेरही गेली. १९३७ मध्ये शिकागो येथे बर्नार्ड फँटस यांनी रक्तसाठ्यास ‘ब्लड बँक’ हे नाव दिले. मराठीतील ‘रक्तपेढी’ या शब्दात तेच रूपक कायम आहे.

या सर्व शाखांचे मूळ मात्र प्राचीन जर्मानिक भाषेत एकच असल्याचे मानले जाते. फ्रेंच व इटालियन या लॅटिनोद्भव भाषांनीही तो शब्द जर्मानिक भाषांतूनच उसना घेतला. ‘बेंच’ हा इंग्रजी शब्द त्याच कुळातील होय. मराठीतील ‘बाक’ हा पोर्तुगीज ‘बांको’ या शब्दावरून आल्याने ‘बाक’, ‘बेंच’ व ‘बँक’ हे तिन्ही शब्द मुळात सगोत्र ठरतात.

भाषांतरात असा शब्द अडचणीचा ठरतो. मराठीने ‘बँक’ केवळ पेढी व साठा याच अर्थांनी स्वीकारला. नदीसाठी तिच्याजवळ काठ, तीर, तट हे शब्द होतेच. त्यामुळे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील ‘वेस्ट बँक’ हा प्रदेश नावावरून एखादी वित्तसंस्था वाटण्याचा संभव असतो. वॉरन वीव्हर या अमेरिकन गणितज्ञाने १९४९ मध्ये यांत्रिक भाषांतरावरील टिपणात सुचविले, की अनेकार्थी शब्दाचा अभिप्रेत अर्थ शेजारच्या शब्दांवरून ठरविता येईल. शब्दाचा अर्थ आसपासच्या मजकुरावरून ठरविणे हेच तत्त्व आजच्या संगणकीय भाषांतरातही वापरले जाते.