लाडाचा घास, कुत्र्याला फास

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शेजारच्या मळ्यातून भल्या सकाळी आरडाओरडा ऐकू आला म्हणून धावत गेलो. बघतो तर मळ्याचा राखणदार मोत्या गोठ्याच्या दारात आडवा पडलेला. अंग थरथरतंय, जीभ बाहेर आलेली, धाप लागलेली. छातीला हात लावला तर काळीज नुसतं धडधडत होतं. रात्री तीन-चार वेळा ओकला होता, घमेलंभर पाणी प्याला होता आणि पहाटेपर्यंत साखळीभोवती गरगर फिरत होता म्हणे.

तात्या मात्र कुत्र्याकडं न बघता बांधाकडं बघून बोलत होते. "इख घातलंय, दुसरं काय न्हाई! काल सांजपातूर चांगलं हुतं की कुत्रं. ज्यानं घातलंय त्याला बघूनच घेतो." बांधापलीकडच्या भावकीशी त्यांचा पाण्याच्या पाळीवरून दोन वर्षं अबोला. पलीकडूनही उत्तर आलं. शब्दानं शब्द वाढत गेला आणि मोत्या तसाच पडून राहिला.

तासाभरानं तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काल ह्यानं काय खाल्लं?"

"भाकरी आन् दूध. रोजचंच."

"आणखी काय?"

तेवढ्यात तात्यांची नात मुसमुसत पुढं आली. आदल्या दिवशी तिच्या धाकट्या भावाचा वाढदिवस होता. सूनबाईंनी घरीच चॉकलेटचा केक केला होता. त्यातली ५० ग्रॅम कोको पावडरची एक अख्खी पुडी उरली. पोरीनं ती दुधात साखर घालून कालवली आणि मोत्यापुढं ठेवली. का, तर "त्याला केक मिळाला न्हाई म्हणून."

म्हणजे विष घरातूनच गेलं होतं, आणि तेही मायेनं.

आपल्याला गोड, त्याला जड

कोकोच्या बियांत थिओब्रोमीन नावाचं एक द्रव्य असतं. चहा-कॉफीतल्या कॅफीनचं ते सख्खं भावंडच म्हणा. थोडं कॅफीनही त्याच्या जोडीला असतं. माणसानं चॉकलेट खाल्लं की पोटात गेलेल्यापैकी निम्मं थिओब्रोमीन साधारण सहा ते दहा तासांत निकामी होतं. कुत्र्याच्या शरीराला त्याच कामाला सतरा-अठरा तास लागतात. त्यामुळं ते रक्तात साठून राहतं आणि काळीज व मेंदू यांना सारखं डिवचत राहतं.

इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपल्याकडं दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक गोळीला पोरं 'चॉकलेट'च म्हणतात. लिंबाची गोळी, संत्र्याची गोळी, आंब्याची गोळी ही सगळी नुसती साखर. तीही कुत्र्याला चांगली नाही, पण तिच्यात कोको नसतो. म्हणून जुनी माणसं म्हणतात, "आमची कुत्री असलंच खाऊन म्हातारी झाली, त्यास्नी काय झालं न्हाई." त्यांचं खोटं नाही. त्या काळी खेड्यातल्या घरात कोको होता कुठं? आता वाडी-वस्तीवर वाढदिवसाला चॉकलेटचा केक येतो, दिवाळीला मिठाईऐवजी चॉकलेटचा डबा येतो आणि फळीवर कोकोची पुडी असते. घर बदललं, कुत्र्याचं पोट मात्र तेच राहिलं.

जेवढं काळं, तेवढं वाईट

सगळी चॉकलेटं सारखी नसतात. पांढऱ्या चॉकलेटात हे द्रव्य नावापुरतं असतं. दुधाच्या चॉकलेटात ग्रॅममागं साधारण २ मिलिग्रॅम, काळ्या कडवट चॉकलेटात ५ किंवा त्याहून जास्त आणि कोरड्या कोको पावडरीत २० ते २८ मिलिग्रॅम. म्हणजे दुधाच्या चॉकलेटापेक्षा कोको पावडर दहापटीनं जहाल.

आता कुत्र्याच्या वजनाचा हिशेब करा. किलोमागं २० मिलिग्रॅम पोटात गेलं की उलट्या-जुलाब सुरू होतात. ४० ते ५० झालं की काळजाचे ठोके बिघडतात. ६० च्या पुढं झटके येऊ शकतात. १०० च्या पुढं तर जीवच धोक्यात. तीन किलोच्या पिल्लानं दुधाच्या चॉकलेटाची ५० ग्रॅमची वडी खाल्ली तर हिशेब तेहतीसच्या घरात जातो. तीच वडी २० किलोच्या दांडग्या कुत्र्याला बहुधा पचून जाईल. मोत्याचं वजन १८ किलो. त्याच्या पोटात गेली कोरडी कोको पावडर, तीही ५० ग्रॅम. किलोमागं साठ-सत्तर मिलिग्रॅम झालं. थरथर सुटली त्यात नवल नव्हतं.

म्हणूनच "मागं एकदा दिलं हुतं, काय झालं न्हाई" या अनुभवावर विसंबू नका. मागच्या वेळचा तुकडा लहान असेल, फिका असेल. पुढच्या वेळचा तसाच असेल असं नाही.

खुणा ओळखा

त्रास लगेच दिसत नाही. खाल्ल्यावर बहुधा सहा ते बारा तासांत खुणा दिसू लागतात. संध्याकाळी खाल्लं की रात्री सगळे झोपल्यावर सुरुवात होते, ती अशी. आधी उलटी, जुलाब, पोटफुगी आणि अतोनात तहान. मग कुत्रं एका जागी बसत नाही, धापा टाकतं, वारंवार लघवी करतं. पुढं अंग थरथरतं, ताप चढतो, ठोके जोरात किंवा वेडेवाकडे पडतात, झटके येतात. कीटकनाशक पोटात गेलं तरी यातल्या बऱ्याच खुणा अशाच दिसतात. म्हणून तर घरात चौकशी व्हायच्या आधी बांधावर भांडण होतं.

काय करावं, काय करू नये

कुत्र्यानं चॉकलेट खाल्लं असं कळलं की खुणा दिसायची वाट बघू नका. लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे, तोही पाठ असू द्या. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: काय आणि किती खाल्लं, केव्हा खाल्लं, कुत्र्याचं वजन अंदाजे किती. वेष्टन सापडलं तर जपून ठेवा.

या विषावर उतारा नाही. पहिल्या दोनेक तासांत नेलं तर डॉक्टर औषध देऊन उलटी करवतात. नंतर औषधी कोळशाची मात्रा, सलाईन, झटके थांबवायचं आणि ठोके ताळ्यावर आणायचं औषध, असे उपाय चालतात. लघवीत उतरलेलं विष मूत्राशयातून पुन्हा रक्तात शोषलं जातं. म्हणून कुत्र्याला घटकाघटकानं बाहेर फिरवून लघवी करू द्यावी लागते.

घरगुती उपाय मात्र टाळा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची रीत आहे, ती अंगाशी येते. रक्तातलं मीठ वाढून कुत्रं त्यानंच दगावू शकतं. तेल, ताक नरड्यात ओतलं तर ते फुप्फुसात जायची भीती. चुलीतला कोळसा कुटून चारणं म्हणजे औषधी कोळसा नव्हे. थरथरत्या किंवा बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात तर काहीच घालू नका.

बेदाणा, कांदा आणि बिनसाखरेची गोळी

आपल्या सांगली-तासगाव भागात आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. केकमध्ये, चॉकलेटात बेदाणा असतोच, आणि बेदाण्याच्या शेडवर तर कुत्री राखणीलाच असतात. द्राक्ष आणि बेदाणा काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करतात. किती खाल्लं की बाधेल याचा नेम नाही. २०२१ पासून संशोधकांचा रोख द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडं आहे. शेडवर खाली सांडलेला माल झाडून घ्यायची सवय ठेवा.

कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. रश्श्यातला, शिजवलेला कांदाही तेच करतो. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो. त्यानं कुत्र्याची रक्तातली साखर तासाभराच्या आतही एकदम खाली येऊ शकते, यकृतही बिघडू शकतं. बिनसाखरेचं म्हणजे निर्धोक, हा समज कुत्र्याच्या बाबतीत उलटा आहे.

मोत्याचं काय झालं?

मोत्या वाचला. दोन दिवस सलाईन चाललं, तिसऱ्या दिवशी त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. त्याच्यापेक्षा दांडगं कुत्रं होतं म्हणून नव्हे, डॉक्टर वेळेत आले आणि पोरीनं खरं सांगितलं म्हणून. तात्या तिला एका शब्दानं रागावले नाहीत, हे त्यांनी फार चांगलं केलं. रागावले असते तर पुढच्या खेपेला कुठलंच पोर खरं सांगायला पुढं आलं नसतं.

बांधापलीकडं जाऊन "चुकलं माझं" म्हणायला मात्र तात्यांना आठ दिवस लागले.

तेव्हा मंडळी, कोकोची पुडी आणि चॉकलेटचा डबा कुत्र्याचं तोंड पोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवा. वाढदिवसाला घरातल्या पोरांना हे आधीच समजावून सांगा. पोरांना मोत्याचा लाड करायचाच असेल तर त्यांच्या हातात भाकरीचा कुस्करा द्या, उकडलेलं अंडं द्या. त्यालाही तेच जास्त आवडतं.