अंगणाखालचा खर्च : सेप्टिक सिस्टिमचं बजेट

मॅसॅच्युसेट्समध्ये घर घेताना आपण शाळा बघतो, स्टेशन किती लांब ते बघतो, देवघर कुठे बसेल तेही बघतो. सेप्टिकचा विषय निघाला की मात्र "रिपोर्ट पास आहे ना, झालं मग" म्हणून पुढे जातो. ॲक्टन, वेस्टफर्ड, सडबरी अशा गावांत बहुतेक घरं टाऊनच्या गटाराला जोडलेली नाहीत. घरातलं सगळं सांडपाणी आपल्याच अंगणात मुरतं. ते मुरवणारी यंत्रणा बदलायची वेळ आली की बिल एखाद्या चांगल्या गाडीएवढं येतं.

गावाकडच्या घराचा शोषखड्डा आठवा. तत्त्व तेच. आधी जमिनीत पुरलेली टाकी. तिच्यात जड गाळ तळाशी बसतो, तेल-तूप वर तरंगतं आणि मधलं पाणी लीच फील्डमध्ये जातं. लीच फील्ड म्हणजे बहुतेक ठिकाणी भोकं पाडलेले पाइप आणि त्यांच्याखाली खडी, वाळू, माती. पाणी झिरपत खाली जातं आणि वाटेत मातीतले जिवाणू ते साफ करतात. टाकी हा त्यातला स्वस्त भाग. पैसे खातं ते फील्ड.

म्हणून "सरासरी खर्च किती" या प्रश्नाचा फारसा उपयोग नाही. केंद्राची पर्यावरण संस्था, ईपीए, साधी यंत्रणा दुरुस्त करायला किंवा बदलायला ५ ते १५ हजार डॉलर सांगते. आमच्या भागात ओळखीच्यांच्या हातात पडलेली कोटेशन्स ३० ते ५० हजारांची आहेत. हा फरक जमिनीमुळे पडतो. टायटल फाइव्ह या राज्याच्या नियमांनुसार नव्या फील्डचा तळ आणि भूजलाची सर्वांत वरची पातळी यांच्यात ४ फूट अंतर लागतं, पाणी फार भराभर मुरणारी जमीन असेल तर ५ फूट. भूजल वर असेल तर वाळूचे ट्रक आणून उंचवटा करावा लागतो, आणि पाणी वर चढवायला पंप, त्याला वीज, अलार्म. खोदताना खडक लागला तर आणखी खर्च. खासगी विहिरीपासून फील्ड १०० फूट दूर हवं. शेजाऱ्याला कमी खर्च आला म्हणजे तुम्हालाही तेवढाच येईल, असं त्यामुळे धरता येत नाही.

दुसरा आकडा बेडरूमचा. यंत्रणेचं माप माणसांवर नाही, बेडरूमवर ठरतं : दर बेडरूमला दिवसाचे ११० गॅलन. चार बेडरूमचं घर म्हणजे ४४० गॅलन. या हिशेबात एका बेडरूमला दोन माणसं धरलेली असतात, त्यामुळे आई-बाबा सहा महिने राहायला आले तर घाबरायचं कारण नाही. पण त्यांच्यासाठी बेसमेंटमध्ये खोली काढायची ठरवलीत तर आधी बोर्ड ऑफ हेल्थमध्ये विचारा. तीन बेडरूमच्या परवान्यावर चौथी बेडरूम निघाली तर यंत्रणा वाढवायची वेळ येऊ शकते, आणि मग खोलीपेक्षा तिच्यासाठीचं खोदकाम महाग पडतं.

बजेटची सुरुवात कंत्राटदाराच्या फोनने करू नका. टाऊनच्या बोर्ड ऑफ हेल्थमध्ये तुमच्या पत्त्याची फाइल मागा. यंत्रणा कधी बसली, नकाशा, मातीची जुनी तपासणी, आधीचे रिपोर्ट, जे असेल ते त्यात सापडतं. बदलायची वेळच आली असेल तर पुढे मातीची चाचणी आणि इंजिनिअरचं डिझाइन. तो वेगळा खर्च, काही हजारांचा. त्या एकाच डिझाइनवर तीन कोटेशन्स घ्या, नाहीतर तीन वेगवेगळ्या कामांचे तीन आकडे हातात येतात. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात कराराचं शेवटचं पान आधी वाचतात, काय धरलेलं नाही ते बघायला. इथेही तेच करा : खडक फोडणं, जुनी टाकी निकामी करणं, इलेक्ट्रिशियन, झाडं, उखडलेलं लॉन, मशीन आत आणताना फुटणारा ड्राइव्हवे. यासाठी मी १५ ते २० टक्के वेगळे धरतो.

आता राज्य काय परत देतं ते. २०२३ पासून, स्वतः राहत असलेल्या घराची नापास ठरलेली यंत्रणा बदलली तर राज्याच्या आयकरात खर्चाच्या ६० टक्के क्रेडिट मिळतं, जास्तीत जास्त १८ हजार. पण वर्षाला ४ हजारांच्या वर नाही. समजा ३६ हजार खर्च आला. पूर्ण १८ हजार वसूल व्हायला पाच वर्षं लागतील, कंत्राटदाराला मात्र पैसे आत्ताच हवेत. काही टाऊन यासाठी बेटरमेंट कर्ज देतात, ते प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलाबरोबर फिटतं. होम इक्विटी कर्जाच्या आधी ते विचारून बघा.

यंत्रणा अजून ठीक चालली असेल तर हिशेब सोपा आहे. नीट ठेवलेली यंत्रणा साधारण २५-३० वर्षं चालते असं धरू. तुमची १५ वर्षांची असेल तर हाताशी १२ वर्षं समजा. ३६ हजार भागिले १२, म्हणजे वर्षाला ३ हजार, महिन्याला अडीचशे. वेगळं खातं उघडा आणि ते भारतवारीच्या तिकिटांना वापरू नका.

घर विकत घेताना टायटल फाइव्हचा रिपोर्ट समोर येतो, त्यावर "पास" लिहिलेलं असतं. त्या फॉर्मवरच स्पष्ट म्हटलेलं असतं की ही तपासणीच्या दिवशीची स्थिती आहे, पुढे यंत्रणा कशी चालेल याबद्दल हा रिपोर्ट काही सांगत नाही. चार महिने रिकाम्या पडलेल्या घराचं फील्ड कोरडं झालेलं असतं. तिथे पाच जणांचं कुटुंब रोज अंघोळी करायला लागलं की खरी परीक्षा सुरू होते. म्हणून निकालाचा शब्द वाचून थांबू नका. यंत्रणेचं वय, गाळाची पातळी आणि शेवटचं पंपिंग कधी झालं, हे बघूनच ऑफरचा आकडा ठरवा.

आयुष्य वाढवायचं काम स्वयंपाकघरात होतं. दिवाळीत चकल्या-शंकरपाळ्यांचं उरलेलं तळण सिंकमध्ये ओतलं की ते थंड होऊन गोठतं आणि टाकीतला वरचा थर वाढवतं. थर जाड झाला की तेल फील्डमध्ये जातं, आणि एकदा बुजलेलं फील्ड मोकळं करणं फार अवघड. तळण डब्यात भरून कचऱ्यात टाका. सिंकखालचं गार्बेज डिस्पोजल मी तरी वापरणार नाही. गणपतीला घरात साठ माणसं येणार असतील तर त्या दिवशी कपड्यांचं मशीन बंद ठेवा.

टाकीचं पंपिंग दर तीन ते पाच वर्षांनी करा. ईपीएच्या हिशेबाने त्याला २५० ते ५०० डॉलर पडतात. प्रत्येक पावती जपून ठेवा. एरवी तपासणीचा रिपोर्ट दोन वर्षं चालतो. तपासणीनंतर दरवर्षी पंपिंग केल्याचा पुरावा असेल तर तोच रिपोर्ट तीन वर्षं चालतो, आणि घर विकायच्या सुमाराला ते एक वर्ष कामाला येतं.